आप्पांचा तळहात

ता. ९ जानेवारी १९२८

आप्पांना ताप भरला. काल खोलीत उंदीर मरून पडला होता. मीच बाहेर फेकला — बोललो नाही कुणाला. त्यांच्या काखेत, जांघेत प्लेगची गाठ आहे का म्हणून तीनदा बघितलं. नाही.

शेजारच्या खोलीतून रामहरी ओरडला, "नास्तिकाला जवळ केल्यावर दुसरं काय व्हणार?"

आप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "त्येला देव नको असंल, मला त्यो पायजे. तू तुजं दार लाव की."

मैंदर्गीहून आणून मला गिरणीत चिकटवलं ते याच माणसानं. हे बसलिंगप्पा आप्पा नसते तर अजून मेंढरं वळत असतो. धाकट्या बहिणीला, केराला साप चावला तेव्हा घरच्यांनी नुसता भंडारा लावला. ती गेली. तेव्हापासून माझ्या कपाळाला भंडारा नाही. आप्पांनी कधी लाव म्हटलं नाही. ते पूजेला बसले की मीही बिडी घेऊन बाहेर जातो.

ता. १०

गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आप्पा पाणीसुद्धा घेत नाहीत. औषध कसं घेणार? डॉक्टर म्हणाला, पोटात काही गेलं नाही तर धडगत नाही. त्यांचा हात तर लटपटतोय.

"माज्या हाताखाली तुजा हात धर, तम्मा. लिंगाला मात्र लावू नको. ते माजं मीच." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; मला ते तशीच हाक मारतात.

धरला. भस्म, बेल पुढं केलं. पूजा झाली. मग त्यांच्या जातीतल्या बाळाबाईनं दिलेली पेज घेतली, औषध घेतलं.

ता. ११

कुणाला सांगू? इथंच लिहितो.

आप्पांचे डोळे मिटलेले. हात थरथरला आणि लिंग घसरलं. मी झेललं — माझ्या मुठीत! लगेच परत त्यांच्या तळहातावर ठेवलं. मंत्र पुरा करून त्यांनी डोळे उघडले. पेज मागितली.

मैंदर्गीत लहानपणी ऐकलंय — लिंग अंगावेगळं झालं की काही लोक अन्न सोडतात, जीव सोडतात. सांगितलं तर हेही सोडतील. न सांगावं तर, माझ्या भरवशावर डोळे मिटले होते त्यांनी.

माझ्या लेखी तो दगड आहे. मग त्या हातानं मला अजून बिडी का पेटवता येत नाही?

ता. १२

ताप तसाच. आज पूजेला दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

ता. १४

ताप उतरला. रामहरी नारळ घेऊन आला. "देवानं राखलं."

"देवानं, आन् ह्यानं," आप्पा म्हणाले.

मला तिथं बसवेना.

ता. १६

आज सांगून टाकलं. वाटलं, आता हातातला पेला खाली ठेवतात.

"डोळं मिटलं हुतं, तम्मा. तळहात न्हवता मिटला."

"मग त्या दिवशी पेज का मागितलीसा?"

"मी अन्न सोडून मेलो असतो, तर तू जल्मभर म्हनला असतास — आप्पाला मीच मारला."