कोपऱ्यातला बाण

४ फेब्रुवारी

वृद्धाश्रमाची साइट सुरू झाली, सुटले! किती दिवस नुसती बटणं इकडची तिकडे करत होते. रात्री आईला दाखवली. म्हटलं, लोकांना जे दिसतं तेवढंच माझं, आतलं सगळं दुसऱ्यांचं. "म्हणजे भिंती त्यांच्या, दारं-खिडक्या तुझ्या," म्हणाली. फ्रंट-एंडचा याहून बरा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

मग एकेक फोटो बघत बसली. "खोल्या हवेशीर आहेत हं."

"फोटोत सगळंच हवेशीर असतं, आई."

हसली.

८ फेब्रुवारी

लोक साइट कशी वापरतात त्याची रेकॉर्डिंग्ज बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. माणूस दिसत नाही. टाइप केलेल्या अक्षरांच्या जागी नुसते ठिपके. दिसतो फक्त माउसचा बाण — पानभर फिरणारा. हाताशिवायचा हात.

एक बाण दुपारचा येतो. ओळीखालून बोट फिरवावं तसा सरकत सरकत वाचतो. प्रवेशअर्ज भरतो. शेवटी प्रश्न येतो — 'घरच्यांशी बोलणं झालं आहे का?' बाण 'हो'वर जातो. थांबतो. मग भरलेला अर्ज तसाच सोडून निघून जातो.

९ फेब्रुवारी

आज पुन्हा आला.

१२ फेब्रुवारी

रोज येतो. रोज पहिल्यापासून सगळं भरतो, धीराने, एकेक अक्षर, आणि तिथेच अडतो. आज त्याने 'नाही' दाबून बघितलं. 'नाही' म्हटलं तर अर्ज पुढे जात नाही, तसं मीच करून ठेवलंय. लाल अक्षरं उमटली तशी बाण दचकून मागे सरला.

आणखी एक सवय त्याची. वाचता वाचता थांबला, की तो खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. कुणाच्या वाटेत नको म्हणून अंग चोरून बसावं तसा.

मला वेड लागणार. भाजी चिरताना सुरीच्या टोकाशी बाण. भिंतीवर बाण. आई म्हणाली, "अगं, कुठे आहेस?"

"इथेच तर आहे."

"इथे नाहीस. जेव आधी."

जेवले. झोपले. तिला काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. उद्या.

१६ फेब्रुवारी

मीटिंग. आमचे साहेब माझ्याहून बरेच लहान, पण 'मॅडम' म्हणून गोड बोलून कामं काढतात. "मॅडम, लोक इथेच गळतायत. काढून टाका तो प्रश्न."

म्हटलं, संस्थेने मुद्दाम घातलाय.

"विचारलं त्यांना. चालेल म्हणाले. कशाला उगाच कुणाला अपराधी वाटायला लावायचं?"

मला पटलं. त्या बिचाऱ्या बाणाची सुटका होईल, असंच वाटलं. चार ओळी खोडल्या, झालं. 'अर्ज पाठवा' बटण मोठं केलं. हिरवं केलं.

१७ फेब्रुवारी

आला. सगळं भरलं. शेवटाला पोचला — प्रश्न नाही! बाण वर गेला, खाली आला, पुन्हा वर. हरवलेली वस्तू शोधतात तसा. मग कोपऱ्यात जाऊन बसला. किती तरी वेळ.

मग उठला आणि हिरवं बटण दाबलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र कुणाला तरी दाराबाहेर काढल्यासारखं झालं.

घरी आले तर आईने कपाट रिकामं केलेलं. "तुला हव्यात त्या शाली काढून घे. बाकीच्या देऊन टाकते."

"आत्ता कशाला?"

"पसारा कमी, गं."

२० फेब्रुवारी

अंगात कणकण होती म्हणून दुपारीच घरी आले. आई कॉम्प्युटरवर जुने फोटो बघत होती. बाबांचा फोटो उघडलेला. माउस धरायला मीच शिकवलंय तिला. मला बघून उठली, "चहा टाकते." उठताना माउस हळूच सरकवला. बाण बाबांच्या गालावरून खाली गेला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

"आई... तो तिथे का ठेवतेस?"

"कुणाच्या तोंडावर कशाला ठेवायचा?"

चहा निवून गेला.

२१ फेब्रुवारी

विचारलं. लपवलं नाही तिने. "फोन आला होता त्यांचा. पुढच्या महिन्यात खोली मिळतेय."

मी ओरडले. रडले. "मला एका शब्दाने तरी विचारायचंस!"

"रोज ठरवायचे. त्या प्रश्नापाशी यायचे आणि म्हणायचे, आज संध्याकाळी बोलू. तू दमून यायचीस. मग खोटं 'हो' कसं लिहू, बाळ?"

"मग अर्ज पाठवलास कसा?"

उरलेल्या शालींच्या घड्या घालायला लागली.

२२ फेब्रुवारी

आज सकाळी आपण होऊन बोलली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत, अगदी मायेने — "रागावू नकोस. साइट तुझी ना? प्रश्न निघालेला दिसला, तेव्हा मला वाटलं, तू उत्तर दिलंस."