शिंपडलेलं पाणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज अंगदनी भाकर मागितली. जेवणातली नव्हे. ती!

(तोंडावर 'अहो', कागदावर अंगद. इथे वाचायला कोण येतंय?)

काल महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे मंडळीच्या उपासनेत प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर. बेखमीर भाकर नेहमीसारखी मीच केली. गहू नेहमीसारखे अंगदच्या गिरणीतले. आणि ताट फिरायची वेळ झाली तसे अंगद नेहमीसारखे मागच्या बाकावरून उठले. "गिरणीचा पट्टा बघून येतो." रविवारी गिरणी बंद असते हे अख्ख्या मंडळीला ठाऊक. तीस वर्षं झाली, आता कुणी हसतही नाही. फक्त काल बाहेर जाताना त्यांना भिंत धरावी लागली.

आज दुपारी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "पुष्पे, एकदा तरी ती भाकर खायची हाय. तुज्याशेजारी बसून."

मी भांडी घासत होते. घासतच राहिले. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि माझं रडू त्यांना सोसत नाही.

५ फेब्रुवारी

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मंडळीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने नेम लिहिले आहेत. अक्षर थोडं तिरकं, पण माणूस सरळ होता. बाप्तिस्मा विश्वासणाऱ्याचा, त्याच्या स्वतःच्या साक्षीवर, पाण्यात बुडवून. लेकरांना नाही. शिंपडून नाही. पाण्याने तारण होत नाही. तारण झालं म्हणून पाणी. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. पाळकाला एकच मत, आणि मंडळीवर बाहेरचा कुणी धनी नाही.

यापायीच अण्णा मिशनच्या जुन्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, चार घरं घेऊन बाहेर पडले. तिथे तान्ह्या लेकरांच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. अण्णा म्हणायचे, "ज्याला मान धरता येत नाही, तो विश्वास काय धरणार?"

आणि दिलं मला कुणाच्या घरात? शिंपडलेल्याच्या! "येईल पुढंमागं पाण्यात," म्हणाले. अंगद आले नाहीत. विश्वास आहे, प्रार्थना आहे, माझ्यापेक्षा जास्त वचनं पाठ आहेत. पण पाण्यात नाही. "माजा एकदा झालाय. दुष्काळात माज्या आईनं पोटाला चिमटा घेऊन मला पाद्र्याफुडं नेलं. पांढरा झगा, चांदीचा कटोरा. आता पुन्ना पान्यात उतरू म्हंजी आई खोटी?"

मी चिडायचे. आई खोटी ठरू नये म्हणून बायकोला तीस वर्षं एकटं बसवायचं!

७ फेब्रुवारी

डायलिसिससाठी नगर. एसटीत जागा मिळाली, तेवढंच बरं.

डॉक्टरांना विचारलं. डायलिसिससाठी हातात केलेली शीर दुसऱ्यांदा बंद पडली म्हणून आता गळ्यापाशी नळी बसवली आहे. पाण्यात बुडवलं तर? डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विहिरीत ढकलायचं विचारतेय. नळीला पाणी लागलं की जंतू थेट रक्तात. अंघोळसुद्धा ओल्या फडक्याने.

म्हणजे आता अंगदनी हट्ट सोडला तरी उपयोग नाही. तीस वर्षं पाणी होतं तेव्हा माणूस नव्हता. आता माणूस आहे तर पाणी चालत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मंडळीचे पाळक घरी आले. तरुण आहेत, नगरचे, बोलतात गोड. म्हणाले, "ताई, माझ्या हातात असतं तर आजच भाकर दिली असती. पण माझं मत एकच." ठाऊक आहे! माझ्याच बापाने लिहिलंय.

एकच वाट. मंडळीने सभा घेऊन अंगदचा लहानपणीचा बाप्तिस्मा, त्यांच्यापुरता, मान्य करायचा. पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा प्रश्न असला की बहुमत चालत नाही, एकमत लागतं. एकजण जरी बसून राहिला तरी संपलं.

'बसून राहिला' असंच म्हणतात आमच्यात. हात वर करायची पद्धत अण्णांनी ठेवली नाही. म्हणायचे, हात शेजाऱ्याचा बघून वर जातो; उभं राहायला स्वतःचं अंग उचलावं लागतं. होकार असेल त्याने उभं राहायचं. घरचं प्रकरण असलं तरी मत प्रत्येकाचं, आणि ते देवासमोर, नात्यासमोर नाही.

पाळक गेल्यावर सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा त्यांना, पाण्यात उतरल्याने आई खोटी ठरत नाही. निदान मन तरी मोकळं होईल." त्या लसूण सोलत होत्या. सूप तसंच टाकून उठून गेल्या. यांचं हे नेहमीचं. जुन्या देवळाचा विषय निघाला की अंग काढून घेतात.

११ फेब्रुवारी

दोघांची भीती. गोरक्षमामा आणि लंकाबाई.

गोरक्षमामा अण्णांच्या बरोबरीचे, बाहेर पडलेल्या चार घरांतले शेवटचे. आज रस्त्यात भेटले. काठी टेकून उभे राहिले आणि नुसते म्हणाले, "अण्णाच्या भिंतीला भोक पाडायचं म्हनता?"

लंकाबाई संध्याकाळी घरीच आली. ही ऊसतोडीला जाणारी बाई. कारखान्याच्या भागात कालव्यात बाप्तिस्मा घेतला आणि परत आली तर सासरच्यांनी दाराला कुलूप घातलेलं. अजून ते उघडलेलं नाही. म्हणाली, "पुष्पाताई, त्या पान्याची किंमत मला इचार. आन यांना कोरड्यानंच बसवायचं?" चहा न घेता गेली.

अंगदनी आतून सगळं ऐकलं. "बरुबर बोलली," म्हणाले. एवढंच.

१५ फेब्रुवारी

उद्या सभा. प्रार्थनेला बसले आणि काय मागायचं तेच सुचेना.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग कुणाला सांगू?

उपासना झाली. ज्याचा प्रश्न त्याने बाहेर जायचं असतं. अंगद बाहेर पायरीवर जाऊन बसले. सासूबाई त्यांच्याजवळ. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, पण आज आल्या होत्या.

पाळकांनी प्रश्न वाचला. प्रार्थना केली. "ज्यांचा होकार असेल त्यांनी उभं राहावं."

सगळ्यांत आधी लंकाबाई उठली! मला वाटलं निघून चालली. नाही. पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "दार लावून घेतलं की कसं वाटतं ते मला ठाव हाय. दुसऱ्याला नगं." मग एकेक बाक वाजायला लागला. सगळे उठले. शेवटी गोरक्षमामा. काठीवर जोर देत, अर्धे उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. गालावरून पाणी चाललेलं.

सगळे उभे. मी बसलेली.

मला उठायचं होतं. देवाशप्पथ उठायचं होतं! पण समोर भिंत. आणि मनात एकच आलं — दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मी उभी राहिले असते का? नसते. मग आज कुणासमोर उभी राहणार, देवासमोर की नवऱ्यासमोर? लहानपणापासून हेच कानावर पडलेलं. मन कौल देईना. पाळकांनी पुन्हा विचारलं. मी मान खाली घातली. त्यांनी एकेक बाक पाहून घेतला. मग म्हणाले, "एकमत झालं नाही."

गोरक्षमामा जाताना माझ्यापाशी आले. "पोरी, आज अण्णासुदिक उभा ऱ्हायला असता गं."

बाहेर अंगदनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग मला विचारलं, "कोन बसलं?"

"मी."

सासूबाई चपला शोधायला लागल्या. चपला त्यांच्या पायातच होत्या.

१७ फेब्रुवारी

दिवसभर अंगद भिंतीकडे तोंड करून पडून होते. रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

दिवेलागणीला म्हणाले, "बसलीस ते बरुबरच. मी आईच्या पान्याला धरून बसलो, तू बापाच्या. दोगं बी सारकेच हट्टी." हसायचा प्रयत्न केला. खोकला आला.

मला माझा एवढा राग आला! चाळीस माणसांच्या मंडळीत एक मीच खरी निघाले. काय करायचं त्या खरेपणाचं? भाजी करू त्याची?

२१ फेब्रुवारी

नगर. वजन आणखी कमी. गिरणी शेजारच्या पोरांना चालवायला दिली. गिरणीतून निघताना म्हणाले, "भाकरीचे गहू येगळे दळून ठिवलेत. डब्यात हायेत."

२ मार्च, रविवार

प्रभुभोजन. त्याच पिठाची भाकर केली. अंगद आले नाहीत. मागचा बाक रिकामा. लोक माझ्याशी नीट बोलले, तेच जास्त लागलं.

भाकरीचे दोन तुकडे उरले. पदरात बांधून घरी आणले. अण्णांचाच नेम, उपासना संपली की उरली ती साधी भाकर. कोंबड्यांना घाला नाहीतर लेकरांना द्या. मी अंगदपुढे धरली. म्हटलं, खा. माझ्याशेजारी बसून खा. इथे कोण बघतंय?

त्यांनी तुकडा हातात घेतला, वास घेतला. परत दिला.

"उरली की साधी भाकर, व्हय ना? मग साधी भाकर तर तू मला रोजच घालतीस."

मी ती चुलीपाशी ठेवली. सकाळी कोंबड्यांना घातली.

९ मार्च

ताप. हुडहुडी. नळीतूनच जंतू गेले म्हणतात. पाणी लागू दिलं नव्हतं, एक थेंब नाही. तरी गेले!

११ मार्च

नगरच्या दवाखान्यात. शुद्ध येते, जाते. आज मला ओळखलं. "पट्टा बघून येतो," म्हणाले.

१३ मार्च

अंगद गेले.

१८ मार्च

मातीला सगळी मंडळी आली. जुन्या देवळाच्या कबरस्तानात ठेवलं, ते त्यांच्याच देवळाचे ना. माझी जागा आमच्या मंडळीच्या कुंपणात, ओढ्यापलीकडे. मेल्यावरही मागच्या बाकाएवढं अंतर राहणारच.

लंकाबाई रोज येते. डबा ठेवते, बसते, जाते. सासूबाई जेवत नाहीत. दोन घास खाऊन ताट सरकवतात आणि माझ्याकडे बघत बसतात. मला वाटतं, दोष देतात. द्यावाच.

२६ मार्च

पवित्र शास्त्र वाचायला बसले. अक्षरं दिसतात, पुढे काही होत नाही. पाण्याने तारण होत नाही, हे मी रविवारच्या शाळेत शेकडो लेकरांकडून घोकून घेतलं. मग पाण्यावाचून माझा माणूस ताटापासून का अडला? हा प्रश्न पाळकांना विचारला. म्हणाले, "ताई, नेम तारणाचा नाही, आज्ञापालनाचा आहे." बरोबर आहे उत्तर. परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील.

६ एप्रिल, रविवार

प्रभुभोजन. डब्यातलं शेवटचं पीठ होतं. भाकर केली, नेली. ताट माझ्यापाशी आलं. घेतली. नुसतं पीठ लागलं, त्यांच्या हाताला येणाऱ्या वासाचं. मागे वळून पाहिलं तर बाकावर कुणीतरी छत्री ठेवलेली.

१२ एप्रिल

गल्लीत टँकर आला, या उन्हाळ्यातला पहिला. बादली भरून आत आणली आणि भाजी निवडायला खाली बसले. सासूबाई बादलीपाशी येऊन बसल्या. पाण्यात हात घातला, आणि पाण्याकडेच बघून बोलायला लागल्या.

"पाद्री आलाच न्हाई गं. भात्तरचा दुष्काळ. मी खडी फोडाया, पोरगं अंगावर पीत हुतं. तापानं फनफनलं. वाटलं जातंय आता. टँकरच्या बादलीत हात घातला न् त्याच्या डोक्यावर पानी शिपडलं. देवाचं नाव घेतलं. मीच. कसला झगा न् कसला कटोरा. मागनं घरात सांगितलं पाद्र्यानं केलं. त्यो त्याच पान्यापायी तुमच्याशी भांडाया लागला. मंग कोंच्या तोंडानं सांगू?"

तीस वर्षं! पाद्री नव्हताच हे कळलं असतं तर अंगद लग्नाच्याच वर्षी पाण्यात उतरले असते, माझ्याशेजारी बसले असते. ओरडणार होते मी. तोंड उघडलंही होतं.

त्यांनी वर पाहिलं. हात तसाच ओला.

"तुज्या बाच्या भिंतीवर हे बसत न्हाई, ठाव हाय मला. पर तू सांग. ते पानी चाललं का?"

इथे सभा नव्हती. मोजायला पाळक नव्हते.

मी उभी राहिले.