केसभर जाड कडी

मंगळवार, दिवेलागण

माझ्या नातीचं, रश्मीचं, उद्या लग्नाच्या फोटोचं पहिलं काम. नवरीच्या घराचं आंगण चिंचोळं, तिच्या लेन्समध्ये अर्धं घर बाहेर राहते. म्हणून तिच्या आजोबाची जुनी रुंद लेन्स काढली. ती नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही. गोंदियावरून जोडायची कडी आणली, तर जवळचं साफ आन् बांधावरचं मोहाचं झाड धुरकट.

मी म्हटलं, "ढिली असन. इळ्याच्या मुठीत कोंबतो तशी चिंधी कोंब."

"आजी, तू काऊन मधात बोलून राहिली? ढिली नाही, जाड आहे. लेन्स कॅमेऱ्यापासून केसभर दूर राहते."

केसभरानं एवढा मोठा मोह पुसला जाते? मला काही पटलं नाही. तरी इळे पाजवायच्या दगडावर कडी मीच घासली. तिचा हात मोबाइलवरच सरळ चालते. थोडी घासायची, लावून पाहायची. मोह तसाच. भीती एकच, जास्त घासलं तर परत जोडता येत नाही. चौथ्यांदा मोहाची पानं दिसली.

रश्मीनं लगेच नवरीच्या घरी फोन लावला. "काकू, फोटोसाठी माणसं निवडू नका. सगळे मावतीन."