डॅन्यूबची ओटी

१४ जून, सकाळी ६

चहा म्हणून नुसतं गरम पाणी अन् दोऱ्याले बांधलेली पुडी. पुडी फोडून ढवळली तर पत्ती दातात.

असो, राम राम. करिश्मा, माही नात, इकडे जर्मनीत कामाले. तिची नोकरी पक्की झाली तर तिकडच्या मोठ्या नदीची ओटी भरीन, असा नवस मी आपल्या गावी, तेल्हाऱ्यातच बोलली होती. झाली पक्की. आता तिनंच मले बोटीवर फिरवाले आणलं. नदीचं नाव डॅन्यूब. पोरगी म्हणते, आजी, पाण्यात काई टाकाचं नाई, बोटीवरून उतरवून देतात. मी हो म्हणलं. हो म्हणाले काय जाते.

ठराव: आज दुपारच्या आत ओटी. गुपचूप.

सकाळी १०.३०

मेल्क गावचा मठ पाहिला. सोनंच सोनं, पायऱ्याच पायऱ्या. गुडघे अजिबात दुखले नाईत. बाक चांगले होते म्हणून सगळ्यांवर बसून पाहिलं. काठावरून नारळ सोडणार होती, पण पोरीनं हातच सोडला नाई.

दुपारी १

बोट निघाली. जेवणात बिनमिठाचा बटाटा. मी ठेचा काढला. शेजारच्या गोऱ्या बाईनं चाखला. अजून पाणी पिऊन राहिली. करिश्मा तिच्याजवळ. मौका हाय.

दुपारी २.१०

फत्ते. बोट दोन उंच भिंतींच्या मधात गेली अन् नदी चक्क थांबली. माह्यासाठीच. आपली पूर्णा कधी थांबली नाई. हळदकुंकू वाहिलं, हिरव्या खणात नारळ बांधून सोडला. खण माह्या अंगातल्या चोळीच्याच उरलेल्या कापडाचा, वाया कशाले घालवा. कोणी पाहिलं नाई. गावची शेजारीण तानुबाई म्हणे, परदेशी नदी आपली ओटी घेत नाई. आता बोल म्हणा.

२.२५

नारळ जागचा हालून नाई राहिला. करिश्मा म्हणते, पुढं नदी उंच हाय, म्हणून दारं लावून पाणी भरतात अन् बोट वर उचलतात. मले माहीत होतं. नारळबी वर येऊन राहिला, बोटीच्या बाजूनं.

२.४०

लोक फोटो काढून राहिले. मठाचेही एवढे नाई काढले. एका खलाशानं लांब आकड्यानं ओटी ओढून घेतली.

३.००

कॅप्टन नारळ घेऊन समोर उभा. एकदा खण पाहते, एकदा माही चोळी. काईतरी विचारून राहिला. मी मान खाली घालून लिहून राहिली. करिश्माले सांगतलं, माह्या तोंडाकडे पाहू नको. नवस तुह्या नोकरीचा होता, उत्तर तूच दे.