टाकी रिकामी झाली त्याबद्दल

दिपमाला,

रात्रपाळी करून येशील तेव्हा नळाला पाणी नसेल. टाकी माझ्यामुळे रिकामी झाली, आणि पाणी आता थेट मंगळवारी सुटेल.

ललित परवा लेहहून फोनवर म्हणाला, "माय, आठे पाणी गोठस, पाईप फुटी जातस. रातले नळ बारीक चालू ठेवना पडस." काल धुळ्यात पारा पाचावर आला, म्हणून मीही गच्चीवरच्या पाईपला गोणपाट गुंडाळलं आणि मोरीतल्या नळाची बारीक धार सोडून ठेवली. आपल्याकडे पाईप गोठत नाहीत हे मला ठाऊक आहे गं. पण त्या धारेचा आवाज ऐकत पडल्यावर घरात कुणीतरी जागं आहे असं वाटत होतं. मग डोळा लागला.

देवघराजवळची कळशी तुझ्या आंघोळीला ठेवली आहे. देवांना आज ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, ते समजून घेतात. मी काल्याच्या कीर्तनाला जाते. येताना मंदिराच्या बोअरवरून हंडा भरून आणीन.

ललितचा फोन आला तर टाकीचं सांगू नकोस. पंधरा दिवसांत त्यानं आपणहून सांगितलेली तेवढी एकच गोष्ट होती. पुन्हा काही सांगायचा नाही.

अक्का