हात माझे, डोकं तिचं

रवि., ५ जुलै
मांद्र्याची बैठक. नेहमीप्रमाणे रोशनच्या गेस्ट हाउसच्या वरच्या हॉलमध्ये. पर्यटक येत नाहीत तोवर जागा आमची. रो. (म्हणजे रोशनच, शॉर्टहँडची सवय जात नाही) घरी बसून बंगळूरच्या कंपनीचं काम करतो आणि रविवारी आम्हा नऊ जणांना प्रोग्राम नीट कसा लिहावा ते शिकवतो. आधी टेस्ट लिहायची, म्हणजे प्रोग्रामचं उत्तर तपासणारा तुकडा. ती लाल दिसते, म्हणजे नापास. मग कोड लिहून ती हिरवी करायची. शेवटी सगळं पुसायचं आणि पुढल्या रविवारी तेच गणित कोऱ्यावर. सुरुवातीला पुसणं फार जिवावर यायचं. आता मजा वाटते.

दोघांत एक कीबोर्ड. एक डोकं, एक हात. डोक्यानं सांगायचं, हातानं लिहायचं, सात मिनिटांनी अदलाबदल. मी पेडण्यात तीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलेला माणूस, त्यामुळे सगळ्यांना हात म्हणून मीच हवा. घंटा झाली तरी "सर, तुमीच बसात." बसतो. कमीपणा कसला. या वयात प्रोग्रामिंगमधलं आपल्याला काय कळतंय.

आज पुन्हा स्नेहाबरोबर. हिचे वडील मूळ गडहिंग्लजकडचे, आता तुयेला कारखान्यात. पोरगी हुशार, बोलायला मोकळी. गणित मागच्या रविवारचंच, फेरीबोटीचं: बोटीत बारा गाड्या मावतात, तेरावी धक्क्यावर राहिली पाहिजे. पहिल्या फटक्यात हिरवं. "सर, तुमच्यासंगं बसलं की माझं डोकं लई चालतंय बघा."
घरी बायकोला, मंगलला सांगितलं. "पुरे, हुरळू नका. बेकरीतून पावाचे उंडे आणलेत?" विसरलो.

रवि., १२ जुलै
पुन्हा फेरीबोट, पुन्हा स्नेहा, पुन्हा हिरवं. रो. खूश. मिरचीभजी आणि पाव त्याच्यातर्फे.

स्नेहाची गुरुवारी डिचोलीच्या एका कंपनीत परीक्षा. एकटीनं, तासाभरात, प्रोग्राम लिहायचा. वडील म्हणतात, नाही जमलं तर कारखान्यात पॅकिंगला जागा आहे, शब्द टाकून ठेवलाय. जिना उतरताना मला म्हणाली, "एकदा पॅकिंगला उभी राहिले ना सर, की मी परत काय कोड लिहीत नाही. घरी येऊन झोपणार बघा." तुला काय अवघड आहे, म्हटलं. मनापासून म्हटलं.

शुक्र., १७ जुलै
दुपारी स्नेहाचा फोन. नापास. रडली नाही, त्यानं जास्त लागलं.
"गणित जवळजवळ आपलंच होतं ओ. हॉलमध्ये वीस माणसं. माझ्या प्रोग्रामात एकविसावा आत शिरला. दहा वेळा बघितलं, चूक दिसंना. तुमच्यासंगं मी हेच सांगायची, हिरवं यायचं."
बरं बरं म्हणून फोन ठेवला. मग बसल्या जागी सगळं आठवलं.

ती सांगायची: "बारापर्यंत, बारासकट, घेत राहा." म्हणजे बारा आत असतानाही बोट आणखी एक गाडी घेणार. ते 'बारासकट' मी कधी लिहिलंच नाही. तिनं एक सांगितलं, माझ्या बोटांनी दुसरं लिहिलं. तिन्ही रविवार.

मुद्दाम नव्हे. इन्स्टिट्यूटमध्ये लोक अर्ज टाइप करायला यायचे. सांगताना चुकायचे, मी लिहिताना सुधारायचो आणि तोंडानं अवाक्षर काढायचो नाही. चारचौघांत माणसाची फजिती कशाला. तेवढं मी जन्मभर पाळलं, आणि त्यापायी पोरीची नोकरी गेली. फार वाईट वाटतंय. मंगल म्हणते, फोन करून सांगून टाका. धीर होत नाही.

शनि., १८ जुलै
फोनवर नकोच. स्कूटर काढून तुयेला गेलो. तिच्या आईनं चहा ठेवला. सांगितलं सगळं.
स्नेहानं तिचा कप बाजूला सारला. मग, "म्हणजे मला येतच नव्हतं. तीन रविवार मी उगंच नाचले." आणि लगेच, "राग आलाय मला, सर. दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं."
खरंय. माफी मागितली. लहानांची माफी मागायची सवय नाही, शब्द जुळेनात.
आई मध्ये पडली, "जाऊ दे गं, सर हाईत."
"सर हाईत म्हणूनच," ती म्हणाली.
चहा गोड होता. अर्धा ठेवून आलो.

रवि., १९ जुलै
बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं, रो. झापेल. त्यानं वेगळं लिहिलेलं बरोबर निघालं का, तेवढंच विचारलं.
"रावा, सर. तिणें सांगिल्ल्यापेक्षा तुमी वेगळें बरयलें, आनी तें बरोबर आसलें?"
हो.
"तिन्ही फावट?"
हो.
"मागीर इतले दीस नुसते हात म्हणून कित्याक बसलात?"
इतके दिवस नुसता हात म्हणून का बसलो? मलाच ठाऊक नव्हतं. आपल्याला कळतं, ही बातमी मला माझ्या चुकीतून मिळाली.

स्नेहा उशिरा आली. येईल असं वाटलं नव्हतं. सरळ माझ्या शेजारी, कीबोर्ड स्वतःकडे ओढून. "आज तुमी सांगा. सांगाल तेच लिहिणार, एक अक्षर इकडंतिकडं नाही." मनात सगळं लख्ख, तोंडातून भलतंच. तीनदा लाल. तिन्ही वेळा तिनं तंतोतंत लिहिलं आणि हसली. हसू दे, तिचा हक्कच आहे. चौथ्यांदा हिरवं. इतका खूश झालो की रो.नं सगळं पुसलं ते कळलंच नाही.

जाताना म्हणाली, कंपनीनं बुधवारी सकाळी दहाला परीक्षेला पुन्हा बोलावलंय. तिनंच मेल केली होती: माझी चूक मला आता कळलीय, परत बसू का? हे मला सुचलं नसतं.

मंगळ., २१ जुलै
दुपारी ती मांद्र्याला आली. हॉलमध्ये आम्ही दोघंच, रो. खाली कामात. गणित नवं, गेस्ट हाउसच्या खोलीचं: एक पाहुणा ज्या दिवशी जातो, त्याच दिवशी दुसरा येऊ शकला पाहिजे. डोकं ती, हात मी. सांगितलं तेवढंच लिहिलं. लाल.
बोटं शिवशिवत होती. मांडीखाली घेऊन बसलो.
"सांगू?"
"नको."
अर्धा तास. पुन्हा लाल, पुन्हा लाल. "सर, तुमच्या तोंडावर दिसतंय ओ सगळं. तिकडं बघा." खिडकीकडे तोंड करून बसलो. माड मोजले.

बसची वेळ झाली. सगळ्या ओळी कागदावर उतरवून घेतल्या आणि लाल तसंच ठेवून गेली. मंगल म्हणते, एवढं साधं असेल तर फोन करा की. नाही करणार.

चूक कुठल्या ओळीत आहे ते मला ठाऊक आहे. बस पार्श्याच्या पुढे गेली असेल, एव्हाना तिलाही सापडली असेल. नसेल, तर उद्या सकाळी दहापर्यंत वेळ आहे.