मीठ चाखणाऱ्या पेशी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या लघवीच्या बाटलीचा निकाल लागला. माझी लेकच लॅबमध्ये तपासनीस, म्हणून मामाची अब्रू वाचली. मामाने नळ बसवून घेतलाय का, असं विचारत होती. बाटलीत निव्वळ पाणी! पंपघरावर साहेब तपासणीला येणार म्हटलं की तू आधीच स्वच्छ पाण्याची बाटली भरून ठेवायचास, तीच ही खोड.

पाय सुजलेत, लघवीला फेस येतो, असं तुझी बायको कळवते. गुडघ्यासाठी दिवसाला चार गोळ्या गिळतोस म्हणे. मी पुस्तक आणून वाचलं. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीपाशी काही पेशी बसलेल्या असतात. गाळून पुढे आलेल्या पाण्यातलं मीठ त्या चाखतात. जास्त लागलं की रक्त आणणारी नळी आवळायचा निरोप धाडतात, कमी लागलं की सैल करायचा. पाण्यावर लक्ष ठेवायचं, हे तुझंच पंपघरावरचं काम, फक्त त्या खुर्चीत घोरत नाहीत. तुझ्या गोळ्या तो सैल करायचा निरोपच अडवतात, मग गाळणीला रक्त पुरत नाही. खरी बाटली पाठव.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. सातवीनंतर थेट डॉक्टरीण झालीस, आनंद आहे. गुडघा माझा, पुस्तक तुझं, दुखणार कुणाला? पाणी भरलं, कबूल. खरी बाटली दिली तर गोळ्या बंद होतील. गोळीशिवाय टाकीचा जिना चढवत नाही, मग पंपघराची चावी जाईल. निवृत्तीला आठच महिने उरलेत. आणि निरोप अडला म्हणून काय बिघडतं? दुपारी डोळा लागावा म्हणून मी पंपघरातला फोन कितीदा काढून ठेवलाय.

तुझा धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास,

नमस्कार पोचला, शहाणपणही पोचलं. फोन काढून ठेवलास त्यातल्याच एका दुपारी विहीर आटली, विहिरीवरून पंप बंद करायचा निरोप आला नाही, आणि पंप कोरडा फिरून जळाला. विसरलास? साहेबांनी आठवड्यात दुसरा बसवला. तुझ्या पोटात कोण बसवणार? माझं एक मूत्रपिंड देईन रे, पण त्याला खोटं बोलायची सवय नाही. तुमचं जमायचं नाही.

ताई

ता. २५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. बायकोच्या हाती बाटली आणि गोळ्यांचा डबा धाडतोय. बाटलीत फेस आहे, तेव्हा खरी समज. डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. तुझ्याहून कमी बोलले. चावी साहेबांना दिली. त्यांनी मला फोनपाशी बसवलंय.

पहिल्याच दुपारी मान कलली होती. तेवढ्यात गुडघा असा ठणकला की ताडकन जागा झालो. फोन वाजत होता. उचलला.

भाचीला म्हणावं, निकाल वाचताना हसू नकोस. आणि तू लोभाची नळी आवळू नकोस.

तुझा धाकटा